पंतप्रधानांचे मुस्लिम देशांचे दौरे: नेहरूंपासून मोदींपर्यंत, आणि त्यातून आपल्या घरात काय आलं

पंतप्रधान एखाद्या अरब देशात गेले की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात लिहिलेलं असतं, 'बघा, सगळं मुस्लिम जग आपल्यासमोर झुकलं.' दुसऱ्यात लिहिलेलं असतं, 'सगळा देखावा आहे, फोटोपुरतं आहे.' उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मोहल्ल्यांत जुम्म्याच्या नमाजनंतर चहा घेताना ही चर्चा रंगते. पण ज्या घरातला मुलगा रियाधला फिटर आहे, ज्या घरातले अब्बा-अम्मी हजच्या यादीत आपलं नाव शोधतायत, त्या घराचा प्रश्न वेगळा असतो. त्यांना विचारायचं असतं की या दौऱ्यात कागदावर काय ठरलं आणि त्याचा आम्हाला काय उपयोग?

म्हणून आम्ही हा लेख तयार केला आहे. नेहरूंच्या काळापासून आजवरचे मुख्य दौरे आणि त्यातले आपल्या कामाचे करार एका जागी यावेत हा हेतू. आमची मोजपट्टी साधी आहे. दौऱ्याचं मोल फोटोवरून ठरवायचं नाही. सही झालेल्या कागदावरून ठरवायचं. आणि त्या कागदाचं मोल, तो आपल्या घरापर्यंत पोचला का यावरून.

जुनं नातं: जहाज आणि रुपया

आखातातल्या देशांशी आपलं नातं विमानाच्या आधीचं आहे. मुंबईहून जेद्दाहला हाजींची जहाजं जायची. कोकणातली आणि कल्याण-भिवंडीकडची माणसं मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम करून बंदरावर जात. समुद्रमार्गे हज १९९५ पर्यंत चालू होता, मग तो बंद पडला.

रुपयाचीही अशीच गोष्ट. कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या भागात एके काळी भारतीय रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हाजींसाठीही वेगळ्या 'हज नोटा' काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचं चलन आणलं. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर कतार आणि अमिरातीच्या भागानेही हा रुपया सोडला. ज्या देशात आपली पोरं आज दिरहम कमावतात, तिथे साठ वर्षांपूर्वी आपलाच रुपया चालत होता, हे नव्या पिढीला सांगायला हवं.

नेहरू आणि इंदिरा गांधी

१९५५ च्या अखेरीस सौदी अरेबियाचे राजे सौद भारताच्या लांबलचक दौऱ्यावर आले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५६ मध्ये, पंडित नेहरू सौदीला गेले. भारताच्या पंतप्रधानांचा तो पहिला सौदी दौरा. इजिप्तचे नासर आणि नेहरू यांची मैत्री तर जगजाहीर होती. अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीत हे दोघे पुढच्या रांगेत होते.

इंदिरा गांधी १९८१ मध्ये कुवेत आणि अमिरातीला गेल्या, १९८२ मध्ये सौदीला गेल्या. त्यानंतर पंतप्रधान पातळीवर मोठा खंड पडला. सौदीला पुढचे पंतप्रधान गेले ते २८ वर्षांनी, अमिरातीला ३४ वर्षांनी आणि कुवेतला ४३ वर्षांनी. गंमत अशी की याच काळात आपल्याकडची माणसं सगळ्यात जास्त संख्येने आखातात गेली.

पण 'मधल्या काळात कुणी गेलंच नाही' असंही म्हणता येत नाही. नरसिंह राव १९९३ मध्ये इराण आणि ओमानला गेले. वाजपेयी १९९८ मध्ये ओमानला आणि २००१ मध्ये इराणला गेले. मनमोहन सिंग नोव्हेंबर २००८ मध्ये ओमान आणि कतारला जाऊन आले.

रबातचा अपमान आणि अबूधाबीचं आमंत्रण

इस्लामी सहकार्य संघटना, म्हणजे ओआयसी. हिचा विषय निघाला की १९६९ ची आठवण काढावी लागते. सप्टेंबर १९६९ मध्ये मोरोक्कोच्या रबात शहरात पहिली इस्लामी शिखर परिषद भरली. भारतात मोठ्या संख्येने मुसलमान राहतात म्हणून भारतालाही बोलावणं आलं. फखरुद्दीन अली अहमद, जे पुढे राष्ट्रपती झाले, ते शिष्टमंडळ घेऊन गेले. पण पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले आणि भारताला परिषदेबाहेर ठेवण्यात आलं.

पन्नास वर्षांनी, १ मार्च २०१९ रोजी, अबूधाबीत ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीला सुषमा स्वराज सन्माननीय पाहुण्या म्हणून गेल्या. पाकिस्तानने आक्षेप घेतला, पण यजमानांनी आमंत्रण मागे घेतलं नाही. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री त्या बैठकीला आलेच नाहीत. भारत आजही ओआयसीचा सदस्य नाही. काश्मीरवर ओआयसी काही बोलली की दिल्ली ते फेटाळते, हेही चालूच आहे.

२००६ आणि २०१०: दार पुन्हा उघडलं

जानेवारी २००६ मध्ये सौदीचे राजे अब्दुल्लाह प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले. त्या वेळी दिल्ली जाहीरनामा झाला. २०१० मध्ये फेब्रुवारीच्या शेवटी मनमोहन सिंग रियाधला गेले आणि रियाध जाहीरनामा झाला. याच दौऱ्यात गुन्हेगार प्रत्यार्पणाचा आणि शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतराचा करार झाला. कैद्यांच्या कराराबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे. खाली त्यावर वेगळं लिहिलं आहे.

२०१५ पासून: दौऱ्यांची यादी

नरेंद्र मोदी पंतप्रधान झाल्यावर आखाताकडे जाण्याचा वेग वाढला. मुख्य दौरे असे:

- ऑगस्ट २०१५, अमिराती. शेख झायेद मशिदीला भेट, अबूधाबीतल्या कामगार छावणीला भेट, दुबईत जाहीर सभा.
- एप्रिल आणि जून २०१६, सौदी आणि कतार. रियाधमध्येही भारतीय कामगारांची भेट.
- मे २०१६, इराण. चाबहार बंदराचा करार.
- फेब्रुवारी २०१८, जॉर्डन, पॅलेस्टाईन, अमिराती, ओमान. १० फेब्रुवारीला रामल्लाहला गेलेले ते भारताचे पहिले पंतप्रधान. मस्कतमध्ये सुलतान काबूस मशिदीला भेट.
- मे २०१८, इंडोनेशिया. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीला भेट.
- ऑगस्ट २०१९, अमिराती आणि बहरीन. अमिरातीचा 'ऑर्डर ऑफ झायेद' हा सन्मान. बहरीनला जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान.
- जून २०२३, इजिप्त. कैरोतल्या अल-हाकिम मशिदीला भेट. दाऊदी बोहरा जमातीने पुढाकार घेऊन जिचा जीर्णोद्धार केला तीच ही मशीद.
- फेब्रुवारी २०२४, अमिराती आणि कतार. अबूधाबीत हिंदू मंदिराचं उद्घाटन.
- डिसेंबर २०२४, कुवेत.
- एप्रिल २०२५, सौदीचं जेद्दाह. पहलगामच्या हल्ल्यामुळे हा दौरा अर्ध्यावर सोडून ते परतले.
- डिसेंबर २०२५, जॉर्डन आणि ओमान. ओमानशी मुक्त व्यापाराचा करार.

एवढे दौरे का, याचं उत्तर भावनेत शोधू नये. तेल आणि गॅस तिकडून येतो. गुंतवणुकीचा पैसा तिकडून येतो. आणि आखाताच्या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात १९.२ टक्के वाटा एकट्या अमिरातीचा होता. त्याच पाहणीत हा पैसा घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला होता, केरळच्याही पुढे. म्हणजे दोन सरकारांची जी मैत्री आहे, तिच्या पायाशी आपल्या पोरांचा घाम आहे.

आपल्या कामाचे करार

आता मुद्द्याचं. या सगळ्यातून एका साध्या कुटुंबाच्या हाती काय लागतं?

*हज.* कोणत्या देशाला किती हाजी, याचं मूळ सूत्र ओआयसीने १९८० च्या दशकात ठरवलं: दर हजार मुस्लिम लोकसंख्येमागे एक. प्रत्यक्ष आकडा मात्र भारत आणि सौदी यांच्यात दरवर्षी होणाऱ्या करारात ठरतो. २०१९ मध्ये पंतप्रधान पातळीवर बोलणं होऊन भारताचा कोटा २ लाखांवर गेला. कोविडनंतर २०२३ पासून तो १,७५,०२५ राहिला. २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या आपल्या भगिनींना मेहरमशिवाय गटाने हजला जाता येऊ लागलं. हजची सबसिडी मात्र जानेवारी २०१८ मध्ये बंद झाली. त्याचं मूळ सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या आदेशात आहे.

*कामगार.* जानेवारी २०१४ मध्ये भारत आणि सौदी यांच्यात घरकामगारांबद्दल करार झाला. कुवेतशी तसा करार २०२१ मध्ये झाला. घरकाम, ड्रायव्हर, माळी अशा कामाला जाणाऱ्यांना लेखी करार आणि ठरलेला पगार मिळावा हा त्यामागचा हेतू.

*कैदी.* सौदीशी २०१० मध्ये आणि कतारशी २०१५ मध्ये कैदी हस्तांतराचे करार झाले. शिक्षा झालेला माणूस उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगू शकतो, म्हणजे निदान घरचे भेटायला जाऊ शकतात. यासाठी कैद्याने स्वतः अर्ज करावा लागतो आणि दोन्ही सरकारांची मंजुरी लागते. दौऱ्यांच्या वेळी कैद्यांची सुटकाही होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सौदीचे युवराज दिल्लीत आले तेव्हा ८५० भारतीय कैद्यांना सोडण्याचा आदेश त्यांनी दिला. कतारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या भारतीय नौदलाच्या आठ माजी जवानांची शिक्षा आधी कमी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली.

*व्यापार.* अमिरातीशी १८ फेब्रुवारी २०२२ रोजी व्यापार करार झाला, १ मे २०२२ पासून तो लागू झाला. भारतातून जाणाऱ्या तयार कपड्यांवर तिथे ५ टक्के जकात लागायची, ती शून्य झाली. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात शिवणकाम, काजं-बटण, धागे कापणं, यावर आपल्यातली कितीतरी घरं चालतात. माल दुबईला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला या कराराचा फायदा आहे. पण तो घ्यायचा तर माल भारतात बनल्याचं मूळ प्रमाणपत्र लागतं. छोट्या कारखानदारांनी आपल्या निर्यातदाराला हे जरूर विचारावं. शिलाई करणाऱ्या कारागिराच्या पीस-रेटमध्ये यातलं काही उतरायला हवं, ते मात्र कुठल्याही करारात लिहिलेलं नाही. ते मागावं लागेल.

जिथे दौरा कमी पडला

एकच बाजू सांगणं बरोबर नाही, म्हणून हेही नोंदवतो.

जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. ४५ भारतीय गेले. एकाच इमारतीत दाटीवाटीने राहणारी, रात्री झोपलेली माणसं. सहा महिन्यांनी पंतप्रधान कुवेतला गेले तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात कामगार छावणीची भेट होती. भेट झाली हे चांगलंच. पण कामगाराच्या खोलीत किती माणसं झोपतात, बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, हे तपासणारी माणसं भेटीच्या दुसऱ्या दिवशीही लागतात.

२०२५ च्या हजला खासगी टूरवाल्यांच्या वाट्याच्या सुमारे ५२ हजार जागा धोक्यात आल्या, कारण मिनातल्या जागा आणि इतर करार मुदतीत पूर्ण झाले नाहीत. सरकारने रदबदली केल्यावर सौदीने १० हजार हाजींपुरतं पोर्टल पुन्हा उघडलं. बाकीचे घरी राहिले. दोन देशांचे संबंध चांगले असूनही तारीख चुकली तर दार बंद होतं, हा धडा महागात पडला.

मे २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्याने प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याबद्दल अवमानकारक शब्द वापरले. कतार, कुवेत आणि इराणने भारताच्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला. त्याच दिवशी पक्षाने कारवाई केली. याआधी कित्येक दिवस इथले मुसलमान हेच म्हणत होते. आपलं म्हणणं दोहावरून फिरून आल्यावर ऐकलं गेलं, याची खंत आमच्या मनात राहिली. परदेशातल्या मशिदीत आदराने पाऊल टाकणाऱ्या नेत्याने तोच आदर घरातल्या मोहल्ल्यातही दिसेल असं पाहावं, एवढीच अपेक्षा आहे. ती अपेक्षा नागरिक म्हणून आहे. आपलं गाऱ्हाणं मांडायला आपल्याला दुसऱ्या देशाची गरज पडू नये. संविधान आहे, कोर्ट आहे, मत आहे.

पॅलेस्टाईनबद्दलही लोक विचारतात. भारताने १९७४ मध्ये पीएलओला मान्यता दिली आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाईन या देशाला मान्यता दिली. २०१७ मध्ये मोदी इस्राएलला गेले, तिथे जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. पुढच्याच वर्षी ते रामल्लाहला गेले. गाझाच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत भारत ऑक्टोबर २०२३ मध्ये तटस्थ राहिला, डिसेंबर २०२३ मध्ये युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं, जून २०२५ मध्ये पुन्हा तटस्थ राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या बाजूने मत दिलं. यावरून कुणाचं काय मत व्हायचं ते होवो, पण नोंदी अशा आहेत.

मुलगा आखातात निघाला असेल तर

आता घरात करायच्या गोष्टी. दौरे होत राहतील, पण हे कागद आपल्यालाच सांभाळायचे आहेत.

१. पासपोर्टवर ईसीआर आहे का ते पाहा. दहावी पास असल्याचा दाखला जोडला तर ईसीआर लागत नाही. ईसीआर असेल तर आखातात नोकरीला जाताना इमिग्रेशनची सरकारी मंजुरी लागते. पासपोर्टसाठी आपल्या तिन्ही शहरांना मुंबईचं विभागीय कार्यालय लागतं.

२. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. तिथे परवाना क्रमांक दिसतो. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. पैसे द्याल तर पावती घ्या. 'पावती नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून उठून या.

३. व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका. 'तिकडे गेल्यावर बदलून देऊ' हे वाक्य ऐकून गेलेली कितीतरी पोरं अडकली आहेत. त्यांना ना करार असतो, ना विमा.

४. प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढा. ईसीआरवाल्यांना ती सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवा. पुष्कळदा कागद मुलाच्या बॅगेतच राहतो आणि घरच्यांना विमा आहे हेच माहीत नसतं.

५. नोकरीचा करार, व्हिसा, पासपोर्ट, कंपनीचा पत्ता, खोलीतल्या एका सोबत्याचा नंबर, हे सगळं एका फाईलमध्ये घरी ठेवा. अम्मीला किंवा बहिणीला ती फाईल कुठे आहे हे माहीत असू द्या.

६. पगार अडला, पासपोर्ट काढून घेतला, मारहाण झाली, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करा. ते २०१५ पासून चालू आहे, आणि घरचेही तक्रार नोंदवू शकतात. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

७. अल्लाह न करो, पण तिकडे मृत्यू झाला आणि खर्च झेपत नसेल, तर भारतीय दूतावासाकडे समुदाय कल्याण निधी आहे. २००९ मध्ये तो सुरू झाला. मय्यत घरी आणण्यासाठी, अडकलेल्याच्या तिकिटासाठी, वकिलाच्या मदतीसाठी त्यातून पैसा मिळू शकतो. हा उपकार नाही, पासपोर्ट-व्हिसाच्या सेवांवर आपलीच माणसं भरतात त्या शुल्कातून तो जमतो.

८. हजसाठी खासगी टूरने जाणार असाल तर टूरवाल्याचं नाव त्या वर्षीच्या सरकारी यादीत आहे का ते आधी तपासा. त्याच्या वाट्याला किती जागा आल्या हे लेखी मागा. हज कमिटीकडून जाणाऱ्यांनी हप्त्यांच्या तारखा मोबाईलवर न ठेवता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात.

आमची एक विनंती आहे. आपल्या तिन्ही शहरांतल्या जमातींनी आणि मशिदींच्या कमिट्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामाला द्यावी. शिकलेल्या मुला-मुलींनी लॅपटॉप घेऊन बसावं, एजंटचा परवाना तपासून द्यावा, मददवर तक्रार भरून द्यावी, विम्याचा कागद वाचून सांगावा. पुढच्या वेळी पंतप्रधान, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, एखाद्या अरब राजधानीत उतरतील, तेव्हा आपणही फोटो बघू. पण फोटो बघून झाला की विचारू: या वेळी सही कशावर झाली, आणि ती आपल्या फाईलमध्ये कुठे लागते?